बँक बुडण्याआधीचे पेढे

कोणती सहकारी बँक बुडणार हे आधी ओळखण्याचा मी पगार घेते. माहेरी हे कुणाला धड कळलेलं नाही. बाबा ओळख करून देताना "कम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगत, आणि समोरच्या घरातले काका मला ज्योतिषीणबाई म्हणून चिडवत. ज्योतिषाचं एक बरं असतं, चुकलं तर ग्रहांवर ढकलता येतं. माझं बरोबर आलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

बाबा आणि काका एकाच शाळेत शिकवून निवृत्त झाले. दोघांची आयुष्यभराची बचत राजवाड्याजवळच्या एका लहानशा सहकारी बँकेत होती. तिथं निम्मेअधिक खातेदार इंदूरची मराठी माणसं. क्लार्क कुणाचा तरी भाचा, संचालक कुणाचे तरी व्याही. पासबुक भरायचं निमित्त करून दोघं जात, वाटेत पोहे खात, आणि काउंटरसमोरच्या बाकावर आणखी चार जुन्या मंडळींबरोबर बारा वाजेपर्यंत बसत. व्याजापेक्षा गप्पाच जास्त जमा व्हायच्या. आई गेल्यावर घरात बाबांशी बोलायला कुणी उरलं नव्हतं. मी रविवारी जायची, तीही घड्याळाकडे बघत. त्यांचं सगळं जग त्या बाकावर होतं, हे तेव्हा मला दिसत होतं पण महत्त्वाचं वाटत नव्हतं.

त्या वर्षी बाजारात पैशाची टंचाई होती. बाहेरच्या दोन मोठ्या वित्तसंस्था बसल्या आणि लहान बँकांच्या नाड्या आवळल्या गेल्या. कोण तगेल आणि कोण नाही, हे आमचं ऑफिस रोज तपासत होतं. लक्षणं काही गूढ नसतात. ठेवींवर अचानक जास्त व्याज मिळू लागतं, ऑडिट लांबत जातं, आणि सांवेर रोडवरच्या त्याच चार कारखान्यांना जुन्या कर्जाचं व्याज फेडायला नवं कर्ज दिलं जातं. बाबांची बँक तिन्हीत बसत होती. त्याच आठवड्यात त्यांनी मोठ्या अभिमानानं फोन केला होता, "सीनियर लोकांना अर्धा टक्का ज़्यादा देतायत. बघ, अपनी बँक!"

रविवारी जाऊन मी सांगितलं, "बाबा, एफडी मोडा. सगळ्या."

"का? हुआ क्या?"

"ते विचारू नका. आणि कुणाला बोलू नका, काकांनाही नाही. बाहेर कळलं तर माझी नोकरी जाईल. माझी शपथ आहे तुम्हाला."

ते म्हणाले, "त्याला तरी सांगू दे, बेटा. त्याचं सगळंच तिथं आहे."

मी नाही म्हटलं. तोंडातून बातमी फुटली तर धडधाकट बँकसुद्धा दोन दिवसांत कोसळते, म्हणून तो नियम असतो, आणि तो नियम चांगला आहे. मी चुकले नव्हते. पण बरोबर असण्याचा एवढा पस्तावा होईल असं वाटलं नव्हतं.

बाबांना खोटं बोलायची सवय नाही. एफडी मोडायला गेले तर मॅनेजरनं कारण विचारलंच, कारण तिथं सगळे सगळ्यांना विचारतात. बाबा गडबडून म्हणाले, मुलीला फ्लॅट घ्यायचाय. ते बाकावर ऐकू गेलं. काका उठून आले आणि पाठीवर थाप मारून म्हणाले, "वा भिया, मग पेढे कुठं आहेत?" बाबांना खाली उतरून अर्धा किलो पेढे आणावे लागले. न घेतलेल्या फ्लॅटचे पेढे मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी खाल्ले. काकांनी दोन पेढे माझ्यासाठी कागदात बांधून दिले. मी ते खाल्ले, आणि बाबांची फजिती ऐकून हसलेसुद्धा.

थोड्याच महिन्यांत वरून निर्बंध आले आणि पैसे काढणं बंद झालं. बँकेसमोर रांग लागली. त्या रांगेत बाबा जाऊन उभे राहिले. मी फोनवर ओरडलेच, "तुमचं आता काय आहे तिथं?"

"काका आहे ना," ते म्हणाले. "सकाळी बोलवायला आला. नाही कसं म्हणू?"

असे ते रोज जात राहिले. त्यांचा नंबर जवळ आला की पाणी प्यायच्या निमित्तानं मागं जायचे. मग ठेवींवरच्या विम्याच्या पैशांसाठी अर्ज भरायची वेळ आली. काकांचं अक्षर चांगलं, म्हणून बाकावर बसून सगळ्यांचे अर्ज तेच भरत होते. त्यांनी बाबांना हाक मारली, "ला, तुझाही भरून टाकतो. खाता नंबर बोल."

बाबा म्हणाले, "माझं काही नाही आता तिथं."

"कधी काढलेस?"

"फ्लॅटच्या वेळी."

काकांनी चष्मा काढून पुसला. मी कुठला फ्लॅट घेतलाच नव्हता, हे त्यांच्या ध्यानात यायला वेळ लागला नसणार. "पेढे चांगले होते, भिया," एवढंच म्हणाले, आणि पुढच्या माणसाचा अर्ज ओढला.

भांडण असं झालंच नाही. झालं असतं तर मिटवता आलं असतं. मी एकदा काकांकडे गेले, सगळा दोष माझा आहे म्हणून सांगितलं. त्यांनी चहा पाजला, नोकरीची चौकशी केली, आणि दारापर्यंत पोचवायला आले. मला ज्योतिषीणबाई मात्र म्हणाले नाहीत. विम्याचे पैसे उशिरा आले, तोवर काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन पुढं ढकलावं लागलं. पण आले. काकांचे तर जवळजवळ सगळे आले. ती मंडळी आता दुसऱ्या एका बँकेत जमतात. बाबा घरीच असतात. दोघं समोरासमोर आले की नमस्कार होतो.

गेल्या रविवारी बाबांसोबत मेथी निवडत बसले होते. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "निदान तुमचे पैसे तरी अडकले नाहीत, बाबा."

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "काकाचे मिळालेच ना परत, बेटा. माझेही मिळाले असते."