उपाशी काप

आत्या उंदरांच्या मेंदूचे काप करायची. केसाहून पातळ. मऊ कुंचल्याने एकेक अलगद उचलून छोट्या वाट्यांत सोडायची. मग त्यात अँटिबॉडी. मेंदूतल्या सगळ्या रसायनांच्या गर्दीत ही नेमकी एकालाच जाऊन चिकटते. त्या जागी तपकिरी रंग चढवला, की ते रसायन कुठून निघतं, कुठे निरोप पोचवतं, ती वाट दिसते.

"माणसांपेक्षा बरी," आत्या म्हणायची. "आपलं कोण, ते तिला बरोबर ठाऊक असतं."

प्रयोगशाळेच्या बिनखिडकीच्या खोलीत तिची चोवीस वर्षं गेली. विद्यार्थी यायचे, तिच्याकडून हात बसवून घ्यायचे, पदवी घेऊन जायचे. तिचे आभार शोधनिबंधाच्या तळाशी, तेही आठवलं तर. डबा जिन्याच्या पायरीवर एकटीने खायचा. घरी गेलं की आधी रेडिओ लावायचा, मग चपला काढायच्या.

आणि एकदा तिला मेंदूच्या बुडापासून वर गेलेली एक बारीक रेघ दिसली, कुठल्याच नकाशात नसलेली. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "ताई, निबंधावर तुमचं नाव. माझ्या लगेच नंतर."

तिने माझ्या बाबांना फोन केला. "दादा, माझं नाव छापून येणार."

"काय केलंस? दरोडा?"

"मेंदूत नवी वाट सापडली."

"बरं झालं. आपल्या घरात कुणाला सापडली नव्हती."

फोन ठेवल्यावरही ती बराच वेळ हसत होती.

आता, प्रत्येक खेपेला एक काप अँटिबॉडीविना ठेवतात. बाकी सगळं तसंच, रंगसुद्धा. त्याला म्हणायचं उपाशी काप. तो कोराच राहायला हवा. त्याच्यावर रंग चढला, तर तो रंग खोटा. पण चांगला काप उपाशी ठेवायला आत्याच्या जिवावर यायचं. टोकाकडचा, कड फाटलेला तुकडा ती त्याला द्यायची.

निबंध पाठवायच्या आठवड्यात शेवटचे फोटो काढायचे होते. टोकाकडचे तुकडे संपले होते. नाइलाजाने तिने मधला, धडधाकट काप उपाशी ठेवला. दुपारी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तर त्याच्यावर तीच रेघ.

तिला लगेच उमगलं. रेघ म्हणजे बारीक रक्तवाहिनी होती. धुऊनही तिच्यात थोडं रक्त उरलं होतं, आणि हा रंग रक्त आपण होऊन धरतं. तसं होऊ नये म्हणून काप आधी पेरॉक्साइडमध्ये बुडवतात. तिने बाटली काढून रक्ताच्या थेंबावर थोडं ओतून पाहिलं. फसफसायला हवं होतं, एकही बुडबुडा उठला नाही. दम गेलेली बाटली.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या दारात उभी राहिली.

"मॅडम, वाट नाहीये ती. शीर आहे."

मॅडमनी काप पाहिला. मान वर करायला त्यांना वेळ लागला. "हा उपाशी?"

"हो."

"आधीचे तर कोरे होते!"

"ते टोकाकडचे होते. ही जागा त्यांच्यात नव्हतीच. माझी चूक."

"कधी कळलं?"

"काल दुपारी."

"कुणाला बोललात?"

"कुणाला बोलू?"

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला. "निबंध थांबवते. तुमचं नाव मात्र..."

"गेलंच की ते."

"ताई, काप फेकला असतात तर कुणाला पत्ताही लागला नसता."

"तो घेऊन बेसिनपाशी उभी होते की काल. पण मग ती रेघ खोटी आहे हे मला एकटीलाच माहीत राहिलं असतं." आत्याने पदर सारखा केला. "एकटीने सांभाळायच्या गोष्टी आहेत तेवढ्या पुरे झाल्या."

मॅडमनी खुर्ची पुढे सरकवली. "बसा ना जरा."

"नको, तिकडे काप पाण्यात आहेत," आत्या म्हणाली. "नवी बाटली मागवायचीय, तेवढी सही द्या."