शून्य बावीसच्या अलीकडे

घरी इंटरनेट घ्यायचं ठरलं तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना ते काय असतं हे माहीत नव्हतं, आणि उरलेल्या निम्म्यांना ते न घेताच त्यातलं सगळं कळत होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर आई आणि मी अशा दोघीच राहायचो. मी ठाण्याला नौपाड्यात एका कंपनीत अकाउंट्सला होते. मला स्वतःला इंटरनेटची काडीची हौस नव्हती. मला ते आईसाठी हवं होतं, आणि आईला ते भांडायला हवं होतं.

हे नीट सांगायला हवं. बाबा गेल्यानंतर काही वर्षांनी आईला मोठा ताप आला आणि उतरला तो तिचे कान घेऊनच. कानाचं मशीन लावून पाहिलं, ते नुसतं शिट्ट्या मारायचं. ती बोलायची मात्र पूर्वीसारखीच, उलट जरा वरच्या पट्टीत. उत्तरं आम्ही पाटीवर लिहून द्यायचो. आता पाटीवर माणूस फार थोडं लिहितो. समोरचा पाच मिनिटं बोलून गेला तरी पाटीवर उतरतं 'बरं आहे', 'उद्या येणार', 'हो म्हणाले'. ज्या बाईने भाजीवाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत कुणाला सोडलं नव्हतं, तिच्यापुढे सगळे एकाएकी माना डोलवायला लागले. "मला काय देवळातली मूर्ती केलीय तुम्ही?" असं ती विचारायची, आणि त्यावरही आम्ही मान डोलवायचो.

थोरली बहीण, माझी ताई, लग्न होऊन मस्कतला गेलेली. दर रविवारी तिचा फोन यायचा. आधी आई रिसीव्हर धरून तिचं सगळं बोलून घ्यायची, मग रिसीव्हर माझ्याकडे. पलीकडून ताईचं उत्तर मी ऐकायचे आणि आईसाठी पाटीवर लिहायचे. आयएसडीचा फोन, मिनिटं पळतायत, त्यामुळे पाटीवर दोन शब्द. पत्रंही यायची, पण पत्रात ताई सगळं छान छान लिहायची. आईचं पत्रांबद्दलचं मत स्पष्ट होतं. आज एक म्हणावं तर त्याचं उत्तर येईपर्यंत आपण काय म्हणालो तेच विसरायला होतं, आणि पत्राशी काही भांडता येत नाही.

अशात ताईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आईच्या दृष्टीने विचारायचीसुद्धा गोष्ट नव्हती. तिने डिंक आणला, हळीव निवडून ठेवले, आतली खोली रिकामी करायला घेतली. रविवारी फोनवर तिने विचारलं, "कधी येतेस?" आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

ताई येणार नव्हती. डॉक्टरांनी प्रवासाला साफ नाही म्हटलं होतं, कारण आदल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात तिचं एक गेलं होतं. हे मला माहीत होतं, आईला नव्हतं. ताईने मला शपथ घातलेली. ती फोनवर रडत रडत म्हणाली, "आईला आत्ता काही सांगू नकोस. ती तिथे झुरत बसेल. बघू म्हणाली, असं लिही."

मी लिहिलं, 'बघू'. पुढच्या रविवारी पुन्हा 'बघू'. त्याच्या पुढच्या रविवारी आईने पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ती एवढा वेळ बोलत होती, ते सगळं 'बघू' होतं?"

मी मान डोलवली. त्या दिवशी मला माझाच राग आला आणि ताईचा त्याहून जास्त. दोघींच्या मधली भिंत व्हायचा मला मनापासून कंटाळा आला होता.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला चॅटिंग दाखवलं. तिचं घर ठाण्यातच, तिच्या दिराकडे इंटरनेट होतं. इकडे टाइप करायचं, तिकडे दिसतं, उत्तर तिथल्या तिथे. ताईच्या नवऱ्यानेही घरी नेट घेतल्याचं तिने एका पत्रात लिहिलं होतं. घरी येऊन मी आईला हे सगळं पाटीवर लिहून समजावलं, खाली-वर चार वेळा पुसून. आईने शांतपणे वाचलं.

"म्हणजे पाटीच की ती," ती म्हणाली. "फक्त तुझ्या हातातली नाही."

त्यानंतर तिने माझ्यामागे जो धोशा लावला त्याला तोड नव्हती. मी ऑफिसातून आले की चहाआधी प्रश्न, नेटचं काय झालं? स्टेशनजवळ एक सायबर कॅफे निघाला होता, तिथे जाऊ म्हटलं, तर म्हणाली, घरातलं बोलणं बाजारात बसून करायचं का. कॉम्प्युटरची सोय झाली, ऑफिसने जुने काढले त्यातला एक मी उचलला. प्रश्न राहिला कनेक्शनचा, कुणाचं घ्यायचं हा.

जो तो आपापल्या बाजूने भांडत होता. मैत्रिणीचा दीर म्हणे, खाजगी कंपनीचंच घ्या. दुकानातून डबा आणायचा, आत सीडी आणि पासवर्ड, लावलं की सुरू. सरकारी कंपनीचं घ्याल तर अर्जामागून अर्ज करत बसाल. मजल्यावरचे शेजारी म्हणत, सरकारीच बरं, खाजगीवाले उद्या गाशा गुंडाळतील. आमच्या गल्लीतला केबलवाला तर दोघांनाही हसायचा. "मॅडम, फोनबिन कशाला अडकवताय? मी वायर टाकतोय ना. नुसतं बटण दाबायचं. नेक्स्ट वीक." मला यातलं कुणाचं वेगाचं आणि चित्रांचं कौतुक ऐकायचं नव्हतं. माझी परीक्षा एकच होती. कुणाचं कनेक्शन आईचं भांडण पुरं होईपर्यंत टिकेल?

मी खाजगी घेतलं. मैत्रिणीच्या दिराने एका रविवारी येऊन सगळं बसवून दिलं, अगदी ठाण्याला त्याच्या घरी होतं तसंच, आणि त्याला घाई होती म्हणून तो चहा न घेताच गेला. जाताना म्हणाला, "काही नाही, इथे क्लिक करायचं. डायल होऊन लागतंच."

आईने साडी बदलली होती. खुर्ची ओढून ती माझ्या शेजारी बसली. मी क्लिक केलं. मॉडेमने नंबर फिरवला, पलीकडे रिंग गेली, आणि मॉडेमच्या स्पीकरमधून एका वयस्कर माणसाचा आवाज आला.

"हॅलो?"

मी आईकडे बघितलं. ती बिचारी स्क्रीनकडे बघत होती.

"हॅलो, कोण बोलतंय?" आणि एवढ्यात आमचा मॉडेम त्याच्या कानात किंचाळायला लागला.

मला वाटलं, नंबर चुकीचा लागला असेल. पुन्हा क्लिक केलं. पुन्हा तोच आवाज, पुन्हा किंचाळी. तिसऱ्यांदा तो माणूस आतल्या कुणाला तरी सांगत होता, "अगं, ऐक गं जरा. कुणाला तरी फार त्रास होतोय." तेव्हा मात्र मी घाईने रिसीव्हर उचलला.

"काका, सॉरी हां. माझा कॉम्प्युटर बोलत होता."

"काय म्हणत होता?" काकांनी अगदी गंभीरपणे विचारलं.

मी सगळं सांगितलं, इंटरनेट, खाजगी कंपनी, मुंबईचा नंबर. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "कुठून बोलताय तुम्ही? डोंबिवलीच ना? अहो, मग मुंबईचा नंबर शून्य बावीस न लावता कसा लागेल? इथले नंबर सहा आकडी, पहिले सहा आकडे जुळले की तो इथेच लागणार. माझ्याकडे."

इतकी साधी गोष्ट, आणि माझ्या डोक्यात आली नव्हती. रोज उठून मुंबईच्या दिशेला कामाला जाणारे, गावाला गेलो की 'आम्ही मुंबईचे' म्हणून सांगणारे आम्ही. जाहिरातीत 'मुंबईसाठी' असं लिहिलेलं वाचून मी बिनदिक्कत डबा उचलला होता. ठाणं शून्य बावीसमध्ये होतं, मैत्रिणीच्या दिराला आकडे लावावेच लागत नव्हते. टेलिफोन खात्याच्या हिशेबी डोंबिवली म्हणजे परगाव. मी शून्य बावीस लावून पाहिलं, कनेक्शन फटकन लागलंही, पण तो एसटीडी कॉल होता. मीटर पळत असताना काय भांडणार? मग पाटी काय वाईट होती?

काकांनीच मार्ग सांगितला. त्यांच्या जावयाकडे सरकारी कनेक्शन होतं, त्याला डायल करायचा नंबर कल्याणच्या एक्स्चेंजमधला, म्हणजे आपल्याला लोकल. "दहादा एंगेज लागतो म्हणतो," काका म्हणाले, "पण एकदा लागला की लोकलच्या भावात बसा बोलत. आणि हो, कॉम्प्युटरला सांगा, आता मी जेवायला बसतोय."

मी पाटीवर हे सगळं लिहिलं, काकांच्या जेवणासकट. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. कितीतरी दिवसांनी तिला पूर्ण संभाषण मिळालं होतं.

सरकारी कनेक्शनसाठी मी कल्याणला फेऱ्या मारल्या. फोटो राहिला म्हणून एक, फोन ज्याच्या नावावर त्याची सही हवी म्हणून एक. फोन अजून बाबांच्या नावावर होता, ते सांगताना माझा आवाज चढला आणि काउंटरवरच्या बाईंनी मला पाणी दिलं. केबलवाल्याची वायर दरम्यान शेजारच्या बिल्डिंगच्या गच्चीपर्यंत पोचून लोंबकळत होती, आणि 'नेक्स्ट वीक' काही उजाडत नव्हता. तिकडे ताईला सातवा लागला.

आई मात्र रिकामी बसली नव्हती. मराठी फॉन्ट मस्कतला पोचेपर्यंत त्याच्या किडेमुंग्या होतात, म्हणून लिहायचं ते मराठीच पण इंग्रजी अक्षरांत, असं मी तिला समजावलं. पाचवीत शिकलेली एबीसीडी तिने परत बाहेर काढली. टीव्हीवरची हिंदी सिनेमांची नावं, गॅसचं बिल, सगळ्यावर बोट ठेवून ती वाचायची. मी रोज तिला दोन ओळी टाइप करून द्यायचे. 'भात लावला का' वाचायला तिला आधी भाताइतका वेळ लागला. पुढे पुढे ती माझ्या चुका काढायला लागली.

एका रविवारी सकाळी ते सरकारी कनेक्शन लागलं. काका खरं बोलले होते, एंगेज, एंगेज, मध्येच लागून तुटलं, पुन्हा एंगेज. खालच्या मजल्यावरच्या काकू येऊन विचारून गेल्या की फोन बिघडलाय का, कारण त्यांचे फोन आमच्याकडे यायचे. मग एकदा ते लागलं आणि टिकलं. फोनवर ठरल्याप्रमाणे ताई पलीकडे होती. आई बोलणार होती, मी टाइप करणार होते, आणि येईल ते ती स्वतः वाचणार होती.

'आई कशी आहेस,' पहिली ओळ आली. आईने अक्षर अक्षर लावून वाचली. तिने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"लिही, मी बरी आहे. कधी येतेस?"

माझी बोटं थांबली. पण तिने विचारलं तसंच मी लिहिलं.

पलीकडून एक ओळ आली. आईने बोट ठेवून वाचली, "नाही आई. मी इथेच राहणार."

आईचा चेहरा लाल झाला. "लिही," ती म्हणाली. "तिथे कोण करणार तुझं? तो नवरा? त्याला चहा तरी येतो का? लिही म्हणते ना." मी लिहीत होते, ताई उत्तर देत होती, आई वाचून उसळत होती. मला कुणी काही विचारत नव्हतं. दोघी अशा तावातावाने भांडत होत्या की मी टाइप करता करता हसत होते, आणि माझे डोळेही भरून येत होते. किती वर्षांनी कुणीतरी आईला सरळ तोंडावर नाही म्हणत होतं.

मग ताईचं लिहिणं थांबलं. मी म्हटलं, तुटलं वाटतं. तुटलं नव्हतं. एक लांब ओळ आली. डॉक्टर प्रवास नको म्हणतात. मागच्या वर्षी एक गेलं, तिसऱ्यात. तुला सांगायचं धाडस झालं नाही.

आईने ती ओळ एकदा वाचली. पुन्हा वाचली. 'गेलं' या शब्दावर तिचं बोट राहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मला माहीत होतं हे तिला कळलं, आणि मग ते तिने बाजूला ठेवलं. मी टाइप करायला हात वर केले तर तिने मला थांबवलं. तिला वेळ हवा होता. मॉडेमचा दिवा लुकलुकत राहिला, आणि मी मनातल्या मनात त्या कनेक्शनला हात जोडले, आत्ता तुटू नकोस.

कान गेल्यापासून आई कोपरच्या पुढे एकटी गेली नव्हती. रस्ता ओलांडतानाही माझा दंड धरायची. ती म्हणाली, "लिही. मग मी येते."

मी तिच्याकडे बघतच राहिले. "बघतेस काय? लिही की."

मी लिहिलं. पलीकडून एकच शब्द आला. आईने तो मोठ्याने वाचला, "ये."

मग ती पदराने डोळे पुसत उठली आणि डिंकाचा डबा काढायला आत गेली. तिथूनच तिने मला विचारलं, "पासपोर्ट कुठे काढतात गं, ठाण्याला?"