चुळीचं पाणी

१९७४ साली इंद्रभान नागपूरहून दातांचा डॉक्टर होऊन आला. इंझोरीच्या बौद्ध वस्तीतला तो पहिला डॉक्टर. शाळेत आम्ही एकाच बाकावर बसायचो; गणितं तो सोडवायचा, छड्या मी खायचो. पुढे मी, गुलाम नबी, मंगरूळपीरला सायकलचं दुकान टाकलं.

नागपूरच्या एका बड्या डॉक्टरांनी त्याला नोकरी देऊ केली होती. महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. याच्या मनात मात्र माझ्या दुकानाशेजारच्या खोलीत दवाखाना मांडायचा होता. त्याचे वडील उकंडराव ऐकूनच भडकले. "येड लागलं का तुले? इथं तुह्या हातानं कोन तोंड उघडन? जाय नागपूरले. तिथं कोनी जात इचारत नाई."

खरं सांगतो, मलाही म्हाताऱ्याचंच पटलं होतं.

एका सकाळी आम्ही इंझोरीला इंद्रभानच्या अंगणात बसलो असताना पाटलांच्या दुर्गाबाई गाल धरून आल्या. त्या वस्तीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तोंड मिस्रीनं माखलेलं, म्हणून इंद्रभाननं चूळ भरायला तांब्या पुढे केला. "राहू दे, म्या घरून आनलं हाय," म्हणत बाईंनी पदराआडून आपला तांब्या काढला. मग निमूट तोंड उघडलं. दाढ निघाली आणि बाई गेल्या.

माझं डोकं फिरलं. "अरे, सगळी बत्तिशीच काढून हातात द्यायची होती!"

तो हसला नाही. "नबी, हात चालला तिले. पानी काहून नाई चालत, ते मले इथं राहूनच पाहा लागन."

त्याच दिवशी त्यानं नागपूरला नकार लिहिला. ते पत्र मीच पेटीत टाकलं, शिव्या घालत.

दवाखान्यात त्याचा एकच नियम होता. चूळ इथल्याच पाण्यानं भरायची. घरचा तांब्या बाहेर. पेला दरवेळी उकळून ठेवलेला, माठ मात्र उकंडराव, कुरकुरत का होईना, रोज इंझोरीहून येऊन स्वतः भरायचे. आमच्या मोहल्ल्यातले आले, त्याच्या समाजाचे आले. बाकीचे पेल्याकडे बघत आणि त्यांना अचानक काहीतरी काम आठवे. दुखणं घेऊन माणूस परत गेला की इंद्रभान त्या दिवशी धड जेवत नसे. मी एकदा चिडून म्हणालो, "आणू दे ना त्यांना घरचं पाणी!" तो म्हणाला, "मग नागपूर काय वाईट होतं?"

तिसऱ्या महिन्यात दुर्गाबाई आल्या. या वेळी दुसरा गाल. हातात तांब्या.

"बाई, तो बाहेर ठेवा."

"अन नाई ठेवला त?"

"त मले तुमचा दात काढता येनार नाई."

बाई तरातरा बसस्टँडकडे निघाल्या. इंद्रभान खुर्चीची पाठ धरून उभा राहिला. त्याचा चेहरा मला बघवेना. बस आली, गेली. थोड्या वेळानं बाई परत आल्या. तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवला, खुर्चीत बसल्या, पेला उचलला. खळखळून चूळ भरली आणि थुंकून म्हणाल्या, "खारट हाय."

"मीठ टाकलं हाय, बाई," इंद्रभान म्हणाला.

बाकावर बसलेले उकंडराव उठले आणि माझ्या दुकानामागे जाऊन ढसाढसा रडले. मी त्यांच्याकडे गेलो नाही. त्यांना पोटभर रडू दिलं.