न केलेल्या कामाची सही

"तू इकडे नको. तू बेडपॅन घे," मॅडम म्हणाल्या.

नर्सिंग कॉलेजचा आमचा सगळा वर्ग ऐकत होता. पुढच्या सोमवारपासून आमची कॅज्युअल्टीची पोस्टिंग होती. अपघातातले, हार्ट अटॅकचे, विष प्यायलेले पेशंट थेट दारातून येतात, त्या विभागात महिनाभर काम. त्याआधीचा आठवडा तयारीचा. टेबलावर सुई टोचण्याच्या सरावासाठी रबरी हात मांडले होते, सलाईनच्या सुया होत्या, ईसीजीचं मशीन होतं. मी हातमोजे चढवून रबरी हातासमोर उभी राहिले होते. ते मला काढायला लावले.

"तुझी मम्मी नर्सिंग होममध्ये मावशी आहे ना? साफसफाई करते ना? मग तुला सवय असेल. तुमच्या लोकांना घाणीचं काही वाटत नाही."

कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. सगळ्या खाली बघून सुया मोजायला लागल्या. मी बेडपॅन उचलले आणि मागच्या धुण्याच्या खोलीत गेले. निमूट गेले. हे मी लपवत नाही.

तुमचे लोक म्हणजे कोण, ते मॅडमनी सांगितलं नाही. गरजच नव्हती. प्रवेशाच्या फॉर्मवरची माझी जात त्यांनी पहिल्याच दिवशी वाचली होती.

आणि एक सांगते. बेडपॅनची मला लाज नाही. पेशंटची घाण काढणं हे नर्सचंच काम, पहिल्या वर्षीच शिकवतात. पण ते सगळ्यांचं काम आहे, पाळीपाळीने करायचं. वर्गात आम्ही बावीस जणी, आणि पाळी रोज माझीच. सोमवार ते शुक्रवार. मधल्या दारातून बाकीच्यांचा आवाज यायचा. छाती तीस वेळा दाबा, दोन श्वास द्या. मी साबणाच्या हातांनी हवेत तीस मोजायचे.

शनिवारी लॉगबुकं तपासून आली. या वहीत प्रत्येक कामापुढे रकाने असतात. किती वेळा बघितलं, किती वेळा स्वतः केलं, शिकवणाऱ्याची सही. सह्या पूर्ण असतील तरच पोस्टिंग. माझी वही उघडली तर सगळे रकाने भरलेले. सलाईनची सुई लावली, पाच वेळा. ईसीजी काढला, पाच वेळा. छाती दाबून श्वास दिला, पाच वेळा. प्रत्येक ओळीपुढे मॅडमची वळणदार सही.

खरं सांगते, आधी मला हायसं वाटलं. शेजारी बसणारी, इंद्रलोक भागात राहणारी मुलगी कानाशी म्हणाली, "साइन मिल गया ना? चुप बैठ." मीही चूपच बसणार होते. पण वही मिटताना सुईची ती ओळ पुन्हा दिसली. सोमवारी कुणीतरी घामाघूम माणूस स्ट्रेचरवर येणार. सिस्टर म्हणणार, लाव सुई. मला येणार नाही. वहीत तर येतं म्हणून लिहिलंय. मग तिथल्या सिस्टर एकमेकींकडे बघून म्हणणार, कोट्यातून येतात, दुसरं काय होणार. आणि त्या स्ट्रेचरवरच्या माणसाचं काय?

तेव्हा माझं डोकं सणकलं. शिकू द्यायचं नाही, आणि मग येत नाही म्हणून बोट दाखवायचं. कसली मेहेरबानी ही? माझ्याविरुद्धचा पुरावा माझ्याच वहीत तयार करून ठेवला होता.

मी पेन काढलं. बारा ओळी होत्या. प्रत्येक ओळ आडवी खोडली आणि बाजूला लिहिलं, मला करू दिलेलं नाही. बाराही वेळा. वाचता येईल अशा अक्षरात. खाली माझी सही केली आणि वही मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"पोस्टिंगला जायचंय की नाही तुला?"

"जायचंय मॅडम. शिकून जायचंय."

तासाभरात प्रिन्सिपलनी बोलावलं. माफीनामा लिही, नवी वही देतो, सह्या होऊन जातील. नाहीतर सोमवारी जायचं नाही. मी माफीनामा लिहिला नाही.

नवघरला घरी आले तर आई खवळली. "सही देत होती ना बाई? गुमान घ्यायची. माझ्यावानी बादली उचलायचीय का तुला?" परभणीहून इथे आल्यापासून अठरा वर्षं तिने ती बादली मान खाली घालून उचलली, म्हणून मी कॉलेजात आहे. मला ते ठाऊक आहे. तिची भीतीही खरी आहे. पण गुमान राहिली म्हणून तिला कुणी कधी पाळी बदलून दिली नाही. हे मी तिच्या तोंडावर बोलले. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

आज रविवार. उद्या बाकीच्या एकवीस जणी कॅज्युअल्टीत जातील. मीही आठ वाजता युनिफॉर्म घालून कॉलेजात जाणार आणि रबरी हातासमोर उभी राहणार. बाहेर काढलं तर दारात उभी राहीन आणि का काढलं ते लेखी मागेन. बेडपॅनची यादी भिंतीवर लावा म्हणेन, बावीस नावांची, माझा नंबर आला की मी धुईन. पण सुई मी पाच वेळा लावणार, मोजून, मॅडमच्या डोळ्यांसमोर. त्याआधी एकही सही मी घेणार नाही.