सोसायटीचं चेंबर मी धुऊन घेतलं

गेल्या मंगळवारी सकाळी सहालाच मी आमच्या कोपरीतल्या सोसायटीचं गटाराचं चेंबर धुऊन घेतलं. अर्धी गोणी ब्लिचिंग पावडर टाकली, वरून तासभर पाइप सोडून ठेवला. या वयात ही अक्कल कुठून सुचली ते सांगतो...

आमची मुलगी मनीषा विषाणूंवर संशोधन करते. लग्न होऊन डोंबिवलीला असते. मी सातवी शिकलेला, खोपटच्या एसटी डेपोत गाड्यांखाली आयुष्य गेलं. तिचं काम तिनेच मला समजावलं.

विषाणू माणसामाणसांतून फिरताना थोडा थोडा बदलत जातो म्हणे. ते बदल वाचले की तो कुठून आला, आता कुठला वाढतोय, याचा अंदाज येतो. त्यासाठी दर आठवड्याला ठिकठिकाणचं सांडपाणी तपासतात. लोक दवाखान्यात जायच्या आधीच गटारात बातमी आलेली असते, असं ती म्हणते.

तपासायच्या जागांच्या यादीत आमच्या आवारातलं चेंबर आलं आणि मला काळजी लागली. आमच्याच पाण्यात काही वाईट सापडलं तर? कोरोनात बांधले तसे परत गेटवर बांबू बांधले तर? बिल्डिंगवाले म्हणतील, यांच्याच पोरीने ब्याद आणली. मनीषाने दहादा सांगितलं, "बाबा, कुणाच्या घराचं नाव येत नाही. नुसता नंबर असतो." पण माझं मन कुठलं ऐकतंय...

आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती. मुलीच्या लॅबमधली माणसं येणार आणि आपली घाण बघणार. घरी कुणी येणार असलं की आपण मोरी घासतोच ना? तसं मी चेंबर घासलं.

ही खिडकीतून म्हणाली, "अहो, गटार बघायला पाहुणे येतायत का?" मी म्हटलं, "तुला त्यातलं कळत नाही."

दहा वाजता सुरेखाताई आल्या. त्या लॅबसाठी कंत्राटावर नमुने गोळा करतात. दोरीला बांधलेली बाटली त्यांनी आत सोडली, वर घेतली आणि थांबल्या. "काका, आज वास वेगळाच येतोय हो."

"असेल," मी म्हटलं. एवढंच बोललो.

शनिवारी मनीषा घरी आली. हिने तिच्या आवडीचं वालाचं बिरडं केलं होतं, पण पोरगी जेवेना. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, आपल्या चेंबरच्या नमुन्यात काहीच सापडलं नाही. मला तर हायसं वाटलं. "मग चांगलंच की!"

"चांगलं कसलं, बाबा? काहीच म्हणजे काहीच नाही." मग तिने सांगितलं, मिरचीच्या झाडावर एक विषाणू असतो. माणसाला काही करत नाही. आपल्या तिखटा-मसाल्यातून पोटात जातो आणि तसाच बाहेर पडतो. सांडपाण्यात तो हमखास असतो, म्हणून नमुना खरा आहे की नाही ते बघायला आधी तोच शोधतात. "तोही नाही. कोपरीतल्या सगळ्यांनी एकदम मिरची सोडली का?"

तिच्या सरांना वाटत होतं, सुरेखाताई चेंबरपर्यंत गेल्याच नाहीत, कुठल्यातरी नळाचं पाणी भरून आणलं. बिचारीने औषधाचा वास येत होता म्हणून सांगितलं, तर ते तिच्यावरच उलटलं. नळाच्या पाण्यालाही तोच वास. सोमवारी तिला बोलावलं होतं. काम जाणार, अशीच चिन्हं होती. घरात ती एकटीच कमावती...

गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. फक्त हिला माहीत होतं. हिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली मान घालून भात वाढत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं...

सांगून टाकलं. गोणी, पाइप, ते ‘असेल’, सगळं.

मनीषा ओरडेल असं वाटलं. तिने उलट मलाच विचारलं, "बाबा, डेपोत गाडी आली की तुम्ही आधी काय बघायचात?"

लहानपणी मीच तिला ते दाखवलेलं. गाडीच्या मडगार्डला आतून चिकटलेला चिखल. लाल असला तर गाडी कोकणातून आली, काळा असला तर घाटावरून. म्हणून धुवायच्या आधी बघायचं.

"मग मला गाडी धुऊन का दिलीत?" ती म्हणाली.

तिने सरांना फोन लावला आणि माझ्या हातात दिला. कसंबसं सांगितलं. सर म्हणाले, "काका, किती टाकलीत?" म्हटलं, अर्धी गोणी. "मग आमच्या विषाणूचं काय चालणार!" आणि ते हसले. सुरेखाताईंना स्वतः फोन करतो म्हणाले.

मीही केला. माफी मागितली. त्या म्हणाल्या, "काका, माझी दोन रात्री झोप नाही. आता एवढंच करा, मंगळवारी घाण राहू द्या."

आज मंगळवार. त्या आल्या, मी झाकण उचलू लागलो. बाटली वर आली ती काळपट, वास असा की नाकाला रुमाल लावावा लागला. सुरेखाताईंनी ती उजेडात धरली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसल्या. "मिरची आहे बरं का आज, काका!"

त्यात काय निघेल याची धाकधूक आहेच, माझा स्वभाव काही जायचा नाही. पण जे असेल ते निघू दे... त्या बाईने मला अजूनही काका म्हटलं, हे माझ्यासाठी पुष्कळ आहे.