दादामियाँची बोकडाची बातमी

परंड्याच्या एसटी स्टँडासमोर दोन रिकाम्या पिंपांवर एक फळी टाकलेली असायची. ती दादामियाँची. कुर्डुवाडीची गाडी आली की तिच्या टपावरून सोलापूरच्या पेपरांचा गठ्ठा खाली पडायचा आणि दादामियाँ तो फळीवर मांडून ओरडायला लागायचा. पेपर विकणारा तोच आणि पेपरात परंड्याची बातमी लिहिणाराही तोच. ज्या दिवशी स्वतःची बातमी छापून यायची, त्या दिवशी त्याचा आवाज किल्ल्याच्या बुरुजावर आदळून परत यायचा. इतर दिवशी तो नुसताच पेपर विकायचा, आणि तेही उपकार केल्यासारखं.

त्याची शाळा निजामाच्या राज्यातली, उर्दू. मराठी त्यानं दुकानांच्या पाट्यांवरून, कीर्तनाच्या मागच्या रांगेत बसून आणि रोज न खपलेले पेपर वाचून कमावली होती. त्यानं पाठवलेली पहिली बातमी होती, ‘मौजे परंडा येथे काल जोरदार बारिश होऊन अवाम खूश.’ सोलापूरच्या संपादकानं त्यातला ‘काल’ तेवढा ठेवला. पुढं भाषा सुधारली, पण सुधारता सुधारता तिला एक खोड लागली. दादामियाँला सरळ लिहिता येईना. कुठल्याही पुढाऱ्याचं भाषण त्याच्या हातून गेलं की शेवटी चिमटा बसायचाच.

फळी जागची न हलवता त्यानं राज्यं मात्र बरीच पाहिली. निजाम गेला, हैदराबाद राज्य आलं. ते मोडून मुंबई आली. मग मुंबईचा महाराष्ट्र झाला. रझाकारांच्या दिवसांत त्यांच्याविरुद्ध लिहिणारा उर्दू पेपर विकतो म्हणून रझाकारांनी त्याचा गठ्ठा फाडून त्याला बदडला. पोलीस ॲक्शननंतर, हा मुसलमान आहे म्हणून दुसऱ्या लोकांनी बदडला. दादामियाँ सांगायचा, “दोन्ही बाजूनं भाजलेली भाकरी हाय मी. कच्ची कुठूनच न्हाय.”

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी परंड्यात पशुसुधार सहकारी संघ निघाला आणि धोंडीबा त्याचे चेअरमन झाले. गळ्यात पहिला हार पडला त्या दिवसापासून ते धोंडीराव झाले. हाक मारताना जुनं नाव तोंडातून निघालं तर ऐकू न आल्यासारखं करायचे. संघासाठी काहीतरी मोठं करायचं म्हणून त्यांनी उत्तरेकडून यमुनापारी जातीचा बोकड आणवला. आता आपल्या जिल्ह्याची काळी शेळी म्हणजे नावाजलेली. बाहेरगावचे व्यापारी ती शोधत इथं यायचे. अशा ठिकाणी बोकड बाहेरून आणायची कल्पना चेअरमनलाच सुचू शकते.

बोकड दिसायला मात्र राजबिंडा होता. पांढराशुभ्र, उंच, पोपटासारखं नाक, आणि कान असे लांब की चालताना गुडघ्याला लागतील. बँड लावून त्याची मिरवणूक काढली. फोटोवाल्यानं चेअरमन आणि बोकड शेजारी शेजारी उभे केले. फोटो निघेपर्यंत बोकडानं स्वतःचा हार खाल्ला, आणि भाषण संपेपर्यंत चेअरमनचा.

उन्हाळा सरला, पाऊस सरला. गावोगावच्या शेळ्या संघाच्या आवारात येऊन कोऱ्याच परत जात होत्या. बोकड पेंड खायचा, पोत्यांच्या थप्पीवर चढायचा आणि डोळे मिटून बसायचा. दादामियाँनं आवारात चकरा मारल्या, शेळीवाल्यांना विचारलं, खात्री करून घेतली आणि बातमी पाठवली. ती जशीच्या तशी आली. मथळा होता, ‘संघाचा बोकड निर्णय घेईना.’ खाली मजकूर, ‘परंड्याच्या पशुसुधार संघाने समारंभपूर्वक आणलेल्या बोकडाने अद्याप एकाही शेळीच्या बाबतीत निर्णय घेतलेला नाही. चेअरमनसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली तो सध्या विश्रांती घेत आहे.’

त्या दिवशी फळीवर एकही पेपर उरला नाही. संध्याकाळपर्यंत चेअरमनला रस्त्यानं जाणं मुश्कील झालं. जो तो हात जोडून विचारायचा, “काय साहेब, झाला का निर्णय?” धोंडीरावांच्या सौभाग्यवती विहिरीवर गेल्या तर तिथल्या बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. बोकडाची गोष्ट चेअरमनच्या अंगाला चिकटली ती अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमनच्या माणसांनी फळी उलथी केली आणि ताजा गठ्ठा गटारात फेकला. दादामियाँ तो बाहेर काढत होता तोवर शिपाई आला. “फौजदारसाहेबांनी बोलावलंय.”

ठाण्यात खुर्चीवर चेअरमन बसले होते आणि फौजदार त्यांच्यासमोर उभ्यानंच चहा पीत होते. तेवढ्यावरून दादामियाँनं काय ते ओळखलं.

“खुलासा लिही,” चेअरमन म्हणाले. “बोकड सुदृढ व कार्यक्षम आहे, बातमी खोडसाळपणानं दिली, माफी असावी. लिही.”

“बोकडानं काम केलं की लगेच लिहितो, साहेब. पयल्या पानावर.”

“जीभ लई वळवळती रं तुझी!” चेअरमन उठले. “रझाकारांचा उरलेला माल तू. निजाम गेला, तुला हितं ठेवला ह्येच चुकलं.”

ज्या रझाकारांनी दादामियाँच्या पाठीची सालं काढली, त्यांचाच शिक्का आता कपाळावर. त्यानं फौजदाराकडं पाणी मागितलं. खुलासा लिहिला नाही. दिवसभर त्याला बाकड्यावर बसवून ठेवलं आणि दिवेलागणीला सांगितलं, “उद्या सकाळी परत ये. रोज यायचं. लिहीपर्यंत.”

तो घरी आला तेव्हा त्याची बायको मैमुना दारातच उभी होती. तिनं दुपारीच पुढची व्यवस्था करून टाकली होती. स्टँडावर जाऊन भूमकडं जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरला तिनं सांगितलं होतं, धाराशिवला वार्ताहर संघाच्या विष्णुपंतांना निरोप पोचवा, दादामियाँला पोलिसांनी बसवून ठेवलंय.

“विष्णुपंताला?” दादामियाँ किंचाळला. “अगं, मी राजीनामा दिलाय तिथला!”

“तुमी दिला,” मैमुना म्हणाली. “मी न्हाय दिला.”

राजीनाम्याची गोष्ट अशी. जिल्हा वार्ताहर संघ म्हणजे सात-आठ माणसं. त्यात मास्तर होते, वकिलाचा कारकून होता, उमरग्याकडचा आडत दुकानदार वीरप्पा होता. अध्यक्ष विष्णुपंत तुळजापूरच्या पुजारी घराण्यातले. निजामाच्या तुरुंगात जाऊन आलेले आणि त्यामुळं कुठल्याही खोलीत सर्वांत आधी बोलायचा हक्क आपला आहे असं मानणारे. संघाचं मुख्य कार्य भांडण. सभेत भजी असावीत की नुसता चहा, ह्यावर एकदा फूट पडायची वेळ आली होती. मागच्या सभेत विष्णुपंत अहवाल वाचायला लागले तेव्हा दादामियाँ सतरंजीवर आडवा झाला आणि म्हणाला, “संपला की उठवा.” त्यावरून जे झालं त्यात त्यानं राजीनामा तोंडावर फेकला होता.

निरोप दोन गाड्या आणि तीन कंडक्टर बदलत धाराशिवला पोचला तेव्हा त्याचं रूप पालटलं होतं. विष्णुपंतांच्या कानावर आलं ते असं, की बोकडाच्या भानगडीत दादामियाँला आत टाकलंय.

“बोकड चोरला की काय ह्यानं?” विष्णुपंत म्हणाले.

कामासाठी धाराशिवला आलेला वीरप्पा तिथंच बसला होता. “त्याला स्वतःची सायकल सापडत न्हाय पंत, दुसऱ्याचा बोकड कसा सापडंल?”

विष्णुपंतांनी टोपी घातली. “चोरला असेल तर आपण त्याला घरी नेऊन शिव्या घालू. पण आपला माणूस आत आहे, तर आधी जायचं. कोण कोण येतंय?”

पाच जण निघाले. दुसऱ्या दिवशी दुपारी परंड्याच्या स्टँडावर उतरले तेव्हा धुळीनं पाचांचीही तोंडं एका रंगाची झाली होती. उलथलेली फळी पाहिली, आजूबाजूला विचारलं आणि खरी हकीकत कळली, चेअरमनच्या जुन्या नावासकट. विष्णुपंतांनी धोतर खोचलं आणि ते तडक ठाण्यात गेले.

दादामियाँ बाकड्यावर होता. पाच जण एकदम आत शिरलेले पाहून त्याला काय वाटलं ते त्यानं पुढं कधी कोणाला सांगितलं नाही. तोंडानं तो एवढंच म्हणाला, “पंत, मी राजीनामा दिलाय.”

“तो मंजूर करायला सभा लागते. सभा झालेली नाही. गप बसा.” मग विष्णुपंत फौजदाराकडं वळले. “गुन्हा कोणता?”

“गुन्हा असा न्हाय,” फौजदार म्हणाले. “साहेब म्हणले, जरा बसवा.”

“अच्छा. आपलं नाव सांगा.”

“माझं? कशाला?”

“उद्या सगळ्या पेपरांत एकसारखं यायला पाहिजे. गुन्हा नसताना वार्ताहराला बसवणारे फौजदार म्हणून. वडिलांचंही सांगा, म्हणजे दुसऱ्या कुणावर विनाकारण ठपका नको.”

फौजदारांनी वडिलांचं नाव सांगितलं नाही, स्वतःचंही नाही. दादामियाँ केव्हाही जाऊ शकतात, त्यांना कोणी अडवलंय, असं म्हणून ते फाईल शोधायला आतल्या खोलीत गेले, ते आलेच नाहीत.

तेवढ्यात वर्दी पोचून चेअरमन आले. पाच अनोळखी माणसं पाहून आवाज चढवूनच आले. “आम्हाला खुलासा पाहिजे! बोकड कार्यक्षम हाय!”

“छापू की,” विष्णुपंत म्हणाले. “खोटी बातमी आली तर दुरुस्ती द्यायची, हा संघाचा नियम आहे. पण आधी पाहणी. चला, दाखवा.”

“काय दाखवा?”

“कार्यक्षमता.”

तोवर ठाण्यासमोर माणसं जमली होती. ‘दाखवा, दाखवा’ असा गलका झाला आणि चेअरमनना मागं सरायला जागा उरली नाही. सगळी वरात पशुसुधार संघाच्या आवारात गेली. दगडाबाई नावाच्या म्हातारीनं आपली काळी शेळी आणली. पोरं भिंतीवर चढली. बायका लांब उभ्या राहून दुसरीकडं बघत असल्याचं दाखवत सगळं बघत होत्या.

बोकड थप्पीवरून उतरला. जमावाकडं त्यानं शांतपणे पाहिलं. शेळीला हुंगलं. भिंतीवरून शिट्ट्या पडल्या. चेअरमननी छाती पुढं काढली. मग बोकड शेळीला वळसा घालून वीरप्पाजवळ आला आणि त्याच्या उपरण्याचं टोक चघळायला लागला. वीरप्पा कानडीत ओरडला. शेळीला राग आला म्हणा किंवा गर्दीनं ती बिथरली म्हणा, तिनं मागं सरून बोकडाच्या बरगडीत अशी धडक दिली की तो उपरणं तोंडात घेऊनच थप्पीवर चढला आणि तिथं बसून त्यानं डोळे मिटले.

आवारात जो हशा पिकला तो बाजारापर्यंत ऐकू गेला. शेळीवाले हसले, संघाचे संचालक हसले, बंदोबस्ताला आलेला शिपाई टोपी तोंडावर धरून हसला. “हवा मानवत न्हाय त्याला,” चेअरमन पुटपुटत होते, पण ऐकतं कोण?

दादामियाँ मात्र हसत नव्हता. तो चेअरमनच्या जवळ गेला आणि म्हणाला, “साहेब, बोकडाचं राहू द्या. ते काल मला बोललात ना, रझाकार. ते तेवढं ह्यांच्यासमोर परत बोला.”

विष्णुपंतांनी चमकून पाहिलं. “काय म्हणाले हे तुम्हाला?” दादामियाँनं सांगितलं. विष्णुपंतांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. ते पुढं सरकले आणि इतक्या हळू बोलले की जवळच्यांनाच ऐकू आलं. “मी ज्या तुरुंगात होतो ना, तिथं बाहेरची खबर ह्या माणसानं विकलेल्या पेपरातून यायची, लपवून. तुम्ही तेव्हा कुठं होता, धोंडीबा?”

जुनं नाव चेअरमनना ह्या वेळी नीट ऐकू आलं. ते पाठ फिरवून निघून गेले.

संध्याकाळी पाचही जण दादामियाँच्या घरी जेवले. विष्णुपंतांना आणि वीरप्पाला चालावं म्हणून मैमुनानं भाकरी, पिठलं आणि शेंगांची चटणी केली. घरी कळलं असतं तर पंतांना आठवडाभर बोलणी बसली असती. तरी त्यांनी भाकरी मोडली आणि चटणी दोनदा मागून घेतली. जेवताना मथळ्यावरून भांडण पेटलं. ‘पाहणीत बोकड नापास’ की ‘बोकडाचा सभात्याग’, ह्यावर कोणी मागं हटेना. शेवटची गाडी त्यात चुकली. पाची पेपरांत पाच वेगळे मथळे आले.

चेअरमनचं फार काही बिघडलं असं नाही. पुढच्या निवडणुकीत ते परत निवडून आले, दोन मतांनी जास्तच. पण फळीला पुन्हा कोणी हात लावला नाही, आणि फौजदार पेपर विकत घेऊन वाचायला लागले.

दादामियाँनं वार्ताहर संघ काही सोडला नाही. सभेत तो अजूनही आडवा व्हायचा आणि विष्णुपंत अजूनही अहवाल वाचायचे. मात्र दोन वर्षांनी सास्तूरच्या एका वार्ताहराला पाटलाच्या माणसांनी मारलं असा निरोप आला, तेव्हा अंगात ताप असताना घोंगडी पांघरून दादामियाँ सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसला. खिडकीजवळची जागा पंतांनी घेतली म्हणून सास्तूर येईपर्यंत तो कुरकुरत होता.