राजाची मयत आणि आमचे मामेसासरे

आमच्या मामेसासऱ्यांइतका मयतीत रमणारा माणूस सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही. लग्नाची पत्रिका आली की लोक खुलतात, हे कुणी गेल्याचं कळलं की पेन्सिलीला टोक काढायला बसतात. मुळात माणूस वाईट नाही. तीस वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवलं, आणि अख्ख्या तालुक्याला संत्रं काढता येतं ते त्यांच्यामुळेच. बिघडले ते निवृत्तीनंतर, एका पुस्तकामुळे.

नागपूरच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना ते मिळालं. युरोपातल्या कुठल्याशा राजाच्या अंत्ययात्रेचं, तीन-चारशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. घडीची पानं उलगडत गेलं की मिरवणूक ओसरीभर पसरते. खुरांपर्यंत काळं कापड पांघरलेले घोडे, जमिनीवर लोळणारे झगे, त्या झग्यांची शेपटं धरणारे लोक, आणि प्रत्येकाच्या पायाशी त्याचं नाव. भाषा मामांना कळत नाही, राजा कोण तेही ठाऊक नाही. "राजा तं पेटीत बंद आहे," ते म्हणतात, "त्याले काय पाहाचं? पण हा पाहा, नुसता घोडा धरून उभा आहे, तं त्याचंही नाव लिहलं." एक प्राध्यापक येऊन सांगून गेले की असल्या प्रती जगात मोजक्याच उरल्यात, हातमोजे घालून हाताळा. मामांनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "मंग जेवताना तोंडाले फडकं बांधाचं का?" मामींचं मत वेगळं होतं. त्या मुडद्याच्या पुस्तकावर एक दिवस पापड वाळत घालीन, असं त्या बजावत असत.

तेव्हापासून गावातली प्रत्येक मयत मामा कागदाच्या लांब गुंडाळीवर काढतात, खाली काळ्या शाईत नावांसकट. आपल्या लोकांना रांगेत चालता येत नाही याचं त्यांना फार दुःख. अर्धे मोटरसायकलने पुढे गेलेले, एकजण फोनवर कापसाचा भाव विचारतोय, हे चित्रात बसवायचं कसं? एकदा तर त्यांनी रडत्या घरात जाऊन सांगितलं, "खांदेकरी सारख्या उंचीचे लावा, तिरडी तिरपी दिसून राहिली." त्या बिचाऱ्यांनी रडता रडता खांद्याला खांदा लावून मापं घेतली. पुढे लोकांचा समज झाला की ही यादी तेरवीच्या जेवणासाठी असते. मग जो तो मामांसमोरून सावकाश, चेहरा त्यांच्याकडे वळवून चालू लागला. तिगावचे एक गृहस्थ गाडी लेट झाल्यामुळे सगळं आटोपल्यावर पोचले, ते थेट मामांच्या ओसरीवर. "गुरुजी, माहं नाव राहिलं." मामांनी त्यांना शेवटी, धावताना काढलं.

मागच्या थंडीत मामी गेल्या. सकाळीच फोन आला. बायको मिळेल त्या बसने निघाली. मला नागपुरात ऑफिसची मीटिंग होती. टाळता आली असती, मी टाळली नाही. दुसऱ्या दिवशी पोचलो, आणि त्याची लाज मला अजून वाटते. त्या दिवशी मामा स्वतः मडकं धरून पुढे चालत होते, त्यामुळे काढणारं कुणीच नव्हतं. मग दोन महिने ते आठवून आठवून काढत बसले. आपण कुणाच्या मागे होतो, ते लोक घरी येऊन सांगत.

ते पुरं झाल्यावर मी गेलो तेव्हा त्यांनी ती गुंडाळी ओसरीवर उलगडली. मामी चादरीखाली, दिसत नव्हत्या. बाकी सगळे होते. अगदी शेवटी, दोन विती कोरा कागद सोडून, खांद्याला बॅग अडकवलेला एक माणूस. खाली माझं नाव.

"मामा, मी नव्हतो त्या दिवशी."

"मालूम आहे मले." ते चष्मा पुसायला लागले. "आजारात तुमची मामी रोज विचारे, जवाई निघाले का म्हणून. मंग येऊन राहिले, असं काढलं." चष्मा परत डोळ्यांवर चढवून म्हणाले, "आमच्या वेळेस जरा जवळ राहजा."

आता सौंसरहून फोन आला की मी आधी मनातल्या मनात रजा टाकतो, मग उचलतो. परवा आला होता. काळी शाई संपली म्हणाले, सवडीने आणा. मी त्याच दिवशी घेऊन गेलो.